रानफुलांचे जुन्या धाटणीचे वनस्पतिचित्र: कोमेजण्याच्या क्रमाने काम कसे करावे

पावसाळा सुरू झाला की नाशिकच्या आसपासची रानफुले जलरंगात उतरवण्याचा प्रयत्न अनेक जण करतात, आणि त्यांच्यासमोर आदर्श असतो तो एकोणिसाव्या शतकात, कंपनी सरकारच्या आणि पुढे राणीच्या अमलात, देशी चित्रकारांनी काढलेल्या वनस्पतिचित्रांचा: कोरा कागद, त्यावर एकच फांदी आणि तळाशी फुलाचे सुटे केलेले भाग. चित्र तयार होते, ते देखणेही असते. पण वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या शिक्षकाला दाखवल्यावर त्यावरून जात ओळखता येत नाही. पानांची मांडणी चुकलेली असते, पुंकेसर अंदाजाने काढलेले असतात आणि हिरवा रंग ट्यूबमधून आला तसाच लावलेला असतो.

याचे कारण हात कच्चा असणे हे क्वचितच असते. कामाचा क्रम चुकलेला असतो. फांदी घरी आणून पाण्यात ठेवली जाते, पहिला पूर्ण दिवस पानांची रेखाटने करण्यात जातो आणि फुलाकडे वळावे तोवर ते मिटलेले, गळलेले किंवा रंग उडालेले असते. मग उरलेले काम मोबाइलमधल्या छायाचित्रावरून पूर्ण केले जाते. या लेखात सांगितलेला क्रम एकाच तत्त्वावर बेतलेला आहे: जे आधी कोमेजते ते आधी नोंदवायचे. उदाहरणासाठी तेरडा घेतला आहे, कारण तो त्र्यंबक रस्त्याच्या कडेने, इगतपुरीच्या उतारांवर आणि शेतांच्या बांधांवर मुबलक असतो. जिथे दुसऱ्या फुलांची गोष्ट वेगळी पडते तिथे तसे सांगितले आहे.

टप्पा १: जुनी चित्रे पाहणे, पण योग्य गोष्टींसाठी

काम सुरू करण्यापूर्वी मूळ चित्रांच्या चांगल्या प्रतिमा सावकाश पाहाव्यात. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानासाठी तिथले अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात काढून घेतलेली चित्रे आज एडिंबऱ्याच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत, आणि आपल्याच भागातल्या कित्येक वनस्पती त्यांत असल्यामुळे नाशिककरांनी तिथूनच सुरुवात करणे सोयीचे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांच्या चित्रकारांची आणि दक्षिण भारतातले वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांच्याकडे काम करणाऱ्या रंगिया व गोविंदू यांची चित्रेही पाहण्याजोगी आहेत.

पाहताना तीन प्रश्न विचारावेत. चित्रकाराने फांदी कुठे तोडलेली दाखवली आहे? कोणती पाने पूर्ण रंगवली आहेत आणि कोणती नुसत्या रेषेत किंवा फिक्या रंगात सोडली आहेत? तळाशी कोणते सुटे भाग काढले आहेत आणि ते किती पटीने मोठे केले आहेत? कागदावरच्या जागेचा आणि स्वतःच्या वेळेचा हिशेब त्या चित्रकारांनी कसा केला, हे या तीन उत्तरांतून समजते.

सावधान: जुन्या चित्राचा आजचा रंग हा त्याचा मूळ रंग नव्हे. गॅम्बोजसारखा पिवळा राळरंग उजेडाने उडतो आणि त्याच्याबरोबर मिसळलेली नीळ किंवा प्रशियन निळा मागे उरतो, त्यामुळे कित्येक जुन्या चित्रांतली पाने आज निळसर दिसतात. पांढऱ्यासाठी वापरलेला शिशाचा सफेदा हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे काळवंडतो. तो निळसरपणा नक्कल म्हणून उतरवणे, किंवा कागद चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुना’ करणे, ही या छंदातली सर्वांत प्रचलित आणि सर्वांत निरर्थक खटपट आहे. त्या चित्रकारांनी स्वच्छ, पांढऱ्या कागदावर काम केले होते. आपणही तसेच करावे.

टप्पा २: वनस्पतीची निवड आणि परवानगी

पहिल्या चित्रासाठी अशी वनस्पती निवडावी जी विपुल आहे, खासगी जागेत मालकाला विचारून तोडता येते आणि जिचे दुसरे फूल दुसऱ्या दिवशी सहज मिळते. तेरडा, केना, सोनकी, कावळा ही त्या दृष्टीने चांगली निवड आहे.

वनस्पती देशी आहे ना, हेही आधीच पाहावे. पिवळ्या कॉसमॉसचे ताटवे, घाणेरी, एकदांडी आणि गाजरगवत ही सर्व अमेरिका खंडातून आलेली झाडे आहेत. त्यांचे चित्र काढण्यास हरकत काहीच नाही, परंतु ‘सह्याद्रीची रानफुले’ या मथळ्याखाली ती घालू नयेत. प्रदर्शनांत ही चूक वरचेवर दिसते.

अंजनेरी आणि ब्रह्मगिरी या दोन डोंगरांविषयी वेगळे सांगणे आवश्यक आहे. २००६ साली शास्त्रीय वर्णन झालेली अंजनेरीची खर्चुडी, म्हणजे सेरोपेजिया अंजनेरिका, ही अत्यंत दुर्मीळ आहे आणि तिच्या नावातच डोंगराचे नाव असल्यामुळे हौशी माणसे तिला शोधत येतात. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय काहीही तोडू नये. संरक्षित क्षेत्रांत तोडणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हाही ठरतो. खर्चुडी, आमरी (ऑर्किड), गेंद, सीतेची आसवे यांसारख्या वनस्पती जागेवर बसूनच काढाव्यात, आणि तेही भोवतालची जमीन न तुडवता. गेंद आणि सीतेची आसवे सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ सपाटीवरच्या, पातळशा ओल्या मातीत उगवतात; चित्रकार तासभर जिथे मांडी घालून बसतो तिथली रोपे त्या हंगामापुरती संपतात. पाण्यात किंवा खडकावर बसण्याची सोय नसेल तर ते चित्र सोडून द्यावे.

सावधान: कळलावी हे जुन्या चित्रकारांचे आवडते फूल, आणि तिचा मोह प्रत्येकाला होतो. तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसिन हे तीव्र विष असते. ती हाताळताना कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवण्याची सवय पूर्णपणे बंद ठेवावी, हात साबणाने धुवावेत आणि तुकडे लहान मुलांच्या व जनावरांच्या वाटेत टाकू नयेत.

टप्पा ३: आदल्या दिवशीची तयारी

फूल घरात आल्यानंतर साहित्य शोधू लागणे म्हणजे सर्वांत मोलाचा तास वाया घालवणे. पुढील गोष्टी आदल्या संध्याकाळी टेबलावर मांडलेल्या असाव्यात.

कागद गुळगुळीत पृष्ठभागाचा, म्हणजे हॉट प्रेस्ड, शक्यतो शंभर टक्के सुती आणि ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्यावा. खरखरीत कागदावर पानाची बारीक शीर काढताच येत नाही, आणि नाशिकमधल्या बहुतेक दुकानांत सहज मिळणारा कागद खरखरीतच असतो, म्हणून तो आधीच मागवून ठेवावा. कुंचले फार नकोत. टोक नीट जुळणारा चार नंबरचा एक गोल कुंचला आणि एक नंबरचा दुसरा पुरतो. अतिशय बारीक, तीन शून्यांचे कुंचले घेण्याकडे नवशिक्यांचा कल असतो, पण त्यांत रंग मावत नाही आणि रेष मध्येच तुटते.

याशिवाय २एच आणि एचबी पेन्सिली, मळून वापरायचे मऊ खोडरबर, ट्रेसिंग पेपर, मिलिमीटरची पट्टी, कंपासपेटीतला डिव्हायडर, दहा पटींचे भिंग, दोन सुया, नवे ब्लेड, एक पांढरी बशी आणि काळ्या कार्डाचा तुकडा एवढे हवे. डिव्हायडर बहुतेकांकडे नसतो. चित्रातली निम्मी प्रमाणे त्याच्याअभावी चुकतात.

रंगांच्या बाबतीत ट्यूबवरचे आकर्षक नाव वाचू नये, त्याखाली बारीक अक्षरात छापलेला रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक वाचावा. एकाच रंगद्रव्याचे रंग घेतले की मिश्रण गढूळ होत नाही. पीवाय १५४ हा थंड पिवळा, पीवाय १५० हा किंचित मातकट पिवळा, पीआर १२२ हा किरमिजी, पीआर २५४ हा लाल, पीबी २९ हा अल्ट्रामरीन आणि पीबी ६० हा गडद निळा, एवढ्या सहा रंगांत आपल्या भागातली बहुतेक सर्व रानफुले बसतात. अलिझरिन क्रिमसन या नावाने मिळणारा पीआर ८३ आणि चमकदार ‘ऑपेरा’ गुलाबी टाळावा. दोन्ही उजेडाने फिके पडतात. जुन्या पद्धतीच्या आग्रहापोटी हिंगूळ, हरताळ किंवा शिशाचा सफेदा घोटून वापरू नये. त्यांत अनुक्रमे पारा, आर्सेनिक आणि शिसे असते.

तपासणी: एका कागदी पट्टीवर या सहा रंगांच्या जोड्या मिसळून ठिपके द्यावेत आणि प्रत्येकाखाली मिश्रण लिहून ठेवावे. ही पट्टी उद्या फुलाशेजारी धरायची आहे.

टप्पा ४: जागेवरची नोंद

सकाळी लवकर निघावे. केन्याचे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपारच्या सुमारास त्याच्या पाकळ्या विरघळल्यासारख्या होऊन आत ओढल्या जातात. तुतारीचे पांढरे फूल याच्या उलट संध्याकाळी उमलते. कोणते फूल कधी उघडते हे आधी एकदा जाऊन पाहून ठेवावे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते आणि त्र्यंबक रस्त्यावर गाडी चालवणेही कठीण होते, तो दिवस टाळावा.

तोडण्यापूर्वी उभ्या रोपापाशी बसून वहीत पुढील गोष्टी लिहाव्यात: गाव, तारीख, वेळ, जमिनीचा प्रकार, रोपाची उंची, खोडाचा रंग, पानांची मांडणी एकाआड एक की समोरासमोर, फूल पानाच्या बेचक्यात येते की शेंड्याला, आणि ते कोणत्या दिशेला तोंड करून आहे. शेवटची नोंद हमखास राहते. तेरड्याचे फूल फांदीवर लोंबते तसे, तोल सांभाळून असते. घरी फुलदाणीत ते कोणत्याही दिशेला वळते आणि चित्रात मग ते खिळा ठोकल्यासारखे ताठ येते.

यानंतर रंगाची पट्टी काढून सावलीत, उघड्या आभाळाच्या उजेडात, फुलाला चिकटून धरावी आणि सर्वांत जवळच्या ठिपक्याचा क्रमांक लिहावा. वेगळी छटा हवी असेल तर तिथेच मिसळून वहीत लावावी. हे काम मोबाइलवर सोपवता येत नाही, कारण काही निळ्या-जांभळ्या फुलांना कॅमेरा गुलाबीकडे झुकवतो आणि तेरड्याच्या किरमिजी रंगाचा भडक एकरंगी डाग करतो.

छायाचित्रे घ्यावीत, पण आठवणीसाठी, आणि प्रत्येकात पट्टी ठेवून. मोबाइल अगदी जवळ नेऊन काढलेल्या छायाचित्रात पुढची पाकळी प्रमाणाबाहेर मोठी आणि मागचे पान लहान दिसते. त्यावरून काढलेल्या चित्रात ही विकृती जशीच्या तशी उतरते आणि जाणकाराला लगेच कळते.

तोडताना एक फुललेली फांदी, एक कळ्यांची आणि शक्य असल्यास एक फळे धरलेली, एवढेच घ्यावे. पसरट डब्यात ओला सुती रुमाल अंथरून त्यावर फांद्या आडव्या ठेवाव्यात व झाकण लावावे. पाण्याच्या बाटलीत खोचून गाडीतून आणलेली फांदी हिंदकळून पाकळ्या गमावते.

सावधान: तेरड्याचे पिकलेले बोंड स्पर्शाने फुटते आणि बिया उडतात. बोंड चित्रात हवे असेल तर ते जागेवरच मोजून रेखाटून घ्यावे.

टप्पा ५: घरातला पहिला तास

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण उभ्या रोपापुरती ठीक आहे. तोडलेली फांदी तेवढी मुदतही देत नाही. म्हणून घरी आल्यावर क्रम असा ठेवावा: आधी एक फूल समोरून, तेच फूल बाजूने, मग कळी, मग शेंड्याची कोवळी पाने, त्यानंतर मोठी पाने आणि सर्वांत शेवटी खोड व मूळ. पहिल्या तासात संपूर्ण फांदी काढण्याचा मोह आवरावा. सुटी सुटी रेखाटने हवीत, प्रत्येकाशेजारी मापे हवीत आणि प्रत्येकावर दोन-तीन ठिकाणी रंगाचे छोटे डाग हवेत. हीच कागदपत्रे पुढच्या आठवडाभराच्या कामाचा आधार आहेत.

फूल आणि डोळा एकाच पातळीवर आणावा. खिडकी डाव्या हाताला ठेवून प्रकाश डावीकडून वरून येईल असे बसावे आणि ही दिशा शेवटपर्यंत बदलू नये. पावसाळी अंधारात दिवा लावावा लागलाच तर ५००० ते ६५०० केल्विनचा, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाचा, आणि ९० च्या वर सीआरआय (रंग खरे दिसण्याचा निर्देशांक) असलेला एलईडी घ्यावा. पिवळ्या बल्बखाली मिसळलेला किरमिजी रंग दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखू येत नाही.

मापे डिव्हायडरने घेऊन थेट कागदावर टेकवावीत, कारण जुन्या धाटणीच्या चित्रात मुख्य फांदी शक्यतो मूळ आकारातच काढायची असते. इथे एक बारकावा आहे. पान आपल्याकडे वळलेले असेल तर त्याची खरी लांबी न घेता दिसणारी लांबी घ्यावी. खरी लांबी वहीत वेगळी लिहावी आणि एक पान तरी पूर्ण सपाट दिसेल अशा कोनातून काढावे.

तपासणी: तासाच्या शेवटी फुलाकडे न पाहता केवळ आपल्या रेखाटनावरून सांगता येते का, की पाकळ्या किती, त्यांपैकी जोडलेल्या कोणत्या, शुंडिका (फुलामागची शेपटीसारखी नळी) कुठून निघते आणि किती वळते? उत्तर अडले तर पुन्हा फुलाकडे जावे. अजून ते ताजे आहे.

टप्पा ६: फुलाचे भाग सुटे करणे

बहुतेक जण हा टप्पा शेवटी ठेवतात. तो इथेच, पहिल्या तासाला लागून यायला हवा, कारण मऊ पाकळ्यांची फुले सुकल्यावर उलगडत नाहीत.

दुसरे ताजे फूल घेऊन बशीतल्या पाण्यात सोडावे. पाण्यावर पाकळ्या आपोआप पसरतात आणि सुईने सरकवता येतात. तेरड्यात बाजूची दोन छोटी निदले (पाकळ्यांबाहेरची दले), मग होडीसारखे खालचे निदल आणि त्याला जोडलेली बारीक वाकडी शुंडिका, वरची एक पाकळी, आणि दोन्ही बाजूंना जोडीने चिकटलेल्या पाकळ्यांचे दोन पंख, या क्रमाने भाग वेगळे होतात. मध्ये पाच पुंकेसर एकत्र येऊन बीजांडकोशावर टोपी झालेली दिसते. ही टोपी आधी पराग देते आणि नंतर गळून पडते, तेव्हाच आतली कुक्षी, म्हणजे पराग स्वीकारणारे टोक, उघडी होते. म्हणून एका फुलात कुक्षी सापडली नाही तर ती नाहीच असे समजू नये, जुने फूल उघडून पाहावे.

प्रत्येक वंशाची अशी एखादी खूण असते आणि जुने चित्रकार नेमकी तीच मोठी करून काढत. कावळ्याच्या फुलात दहा पुंकेसर पाच-पाचच्या दोन गठ्ठ्यांत असतात. कळलावीत कुक्षीवृंत, म्हणजे कुक्षीचा दांडा, मुळाशीच काटकोनात वळून बाजूला जातो; तो सरळ उभा काढलेली कळलावी मी प्रदर्शनांत अनेकदा पाहिली आहे आणि दर वेळी वाटते की चित्रकाराने फूल हातात घेतलेच नव्हते. कळलावीच्या परिदलांचा (पाकळ्यांसारख्या दलांचा) रंगही वयाबरोबर हिरवट पिवळ्यापासून लालपर्यंत बदलतो, म्हणून एका फांदीवर सर्व फुले एकाच रंगाची दाखवू नयेत. सोनकीचे एक ‘फूल’ म्हणजे अनेक फुलांचा गुच्छ असतो; कडेचे एक जिभेसारखे फूल आणि मधले एक नळीसारखे फूल सुटे करून काढल्याशिवाय ते चित्र पूर्ण होत नाही. केन्याच्या बाबतीत जमिनीखाली पाहायला विसरू नये: बंगाली केना जमिनीखालीही न उमलणारी फुले धरतो, आणि मुळासकट काढलेल्या रोपावर ती दिसतात.

पांढरे किंवा पारदर्शक भाग काळ्या कार्डावर ठेवून पाहावेत. ज्या भागाला जितक्या पटीने मोठे केले त्याचा आकडा लगेच शेजारी लिहावा.

टप्पा ७: ट्रेसिंग पेपरवर मांडणी

आता सुटी रेखाटने जोडून पूर्ण फांदी रचायची आहे. हे काम अंतिम कागदावर कधीही करू नये. खोडरबराने हॉट प्रेस्ड कागदाचा थर उठतो आणि पुढे तिथे रंग डाग धरतो.

प्रत्येक रेखाटन वेगळ्या ट्रेसिंगवर उतरवून ते तुकडे अंतिम कागदाच्या मापाच्या चौकटीत हलवून पाहावेत. तेरड्याचे वाढलेले रोप ए३ कागदात मूळ आकारात मावत नाही. अशा वेळी ते लहान करण्याऐवजी जुन्या चित्रकारांचा उपाय वापरावा: खोड मध्येच कापलेले दाखवावे आणि खालचा भाग मुळांसह शेजारी तिरका ठेवावा. कापलेली टोके स्पष्ट दाखवली की वाचकाला ती दोन वेगळी रोपे वाटत नाहीत.

रचना करताना सौंदर्यासाठी पाने हलवणे चालते, पण पेरावरून पेरावर नेणे चालत नाही. पान एकाआड एक असेल तर ते तसेच राहिले पाहिजे. रिकामी जागा भरण्यासाठी एखादे जास्तीचे पान घालणारे आणि फुलासमोर येते म्हणून एखादे गाळणारे, दोघेही वनस्पतीची ओळख बिघडवतात. समोर येणारे पान थोडे वळवावे किंवा कापलेले दाखवून फक्त देठ ठेवावा.

तपासणी: ट्रेसिंग आरशात पाहावे. तोल गेलेला असेल तर आरशात तो तत्काळ जाणवतो.

टप्पा ८: अंतिम कागदावर उतरवणे

हा टप्पा थोडक्यात. ट्रेसिंगच्या मागच्या बाजूने रेषांवर एचबी पेन्सिल फिरवावी, ते कागदावर चिकटपट्टीने स्थिर करावे आणि पुढून २एचने हलकेच गिरवावे. कार्बन पेपर वापरू नये, त्याची रेष पुसली जात नाही. उतरल्यावर मऊ रबर दाबून रेषा इतक्या फिक्या कराव्यात की जेमतेम दिसतील. पिवळ्या आणि गुलाबी पाकळ्यांखाली अडकलेली गडद रेष नंतर निघत नाही. हाताखाली कायम एक स्वच्छ कागद ठेवावा, कारण तळहाताचा तेलकटपणा लागलेल्या जागी रंग बसत नाही.

टप्पा ९: रंगकाम

रंग लावण्याचा क्रमही तोच: आधी फूल. वहीतले डाग आणि जागेवरची नोंद समोर ठेवून, शक्य असल्यास त्या सकाळी आणलेले नवे फूल शेजारी ठेवून काम करावे.

पहिला थर ओल्यावर ओला असा द्यावा. एका पाकळीला स्वच्छ पाणी लावून त्याची चकाकी मावळू लागली की सर्वांत फिकी छटा सोडावी आणि जिथे उजेड आहे ती जागा कोरी राखावी. कोरा कागद हाच या पद्धतीतला उजेड असतो. तो एकदा झाकला की परत मिळत नाही. शेजारची पाकळी त्याच वेळी घेऊ नये, ओल्या कडा एकमेकींत मिसळतात. एकाआड एक पाकळ्या घ्याव्यात.

नाशिकच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत थर वाळायला एरवीपेक्षा बराच वेळ लागतो, आणि वरून कोरडा दिसणारा कागद आत ओला असतो. दुसरा थर घाईने दिल्यास पहिला उखडून चट्टा पडतो. हाताच्या मागच्या बाजूने कागद चाचपावा. थंड लागला तर अजून ओल आहे. हेअर ड्रायर वापरायचाच तर थंड हवेवर आणि लांबून.

दुसऱ्या थरापासून आकार घडवायचा. तेरड्याच्या पाकळीची घडी, कडेची लाट, शिरांचा मागोवा हे सर्व पहिल्याच रंगाच्या किंचित दाट छटेने यावे. सावलीसाठी काळा मिसळणे ही सर्रास होणारी चूक आहे. गुलाबी पाकळीत काळा मिसळला की ती मळकी दिसते. किरमिजीत थोडा अल्ट्रामरीन मिसळल्यास सावली जिवंत राहते.

पाने हा या चित्राचा सर्वांत कठीण भाग आहे, आणि माझ्या मते चित्रकाराची पारख फुलापेक्षा पानांतच होते. ट्यूबमधला तयार हिरवा वापरू नये. पीवाय १५४ आणि पीबी २९ यांपासून कोवळ्या पानाचा, पीवाय १५० आणि पीबी ६० यांपासून जुन्या पानाचा हिरवा मिळतो. त्यात किंचित पीआर १२२ घातला की भडकपणा मरतो. प्रत्येक पानाचा पहिला थर वेगळा असावा: काही पिवळ्याकडे, आणि जिथे आभाळाचा उजेड पडतो तिथे अगदी फिका निळा. मुख्य शीर आणि उपशिरा कोऱ्या किंवा पहिल्या फिक्या थरात राखून त्यांच्या दोन्ही बाजूंनी गडद रंग भरावा. शिरा नंतर पांढऱ्या रंगाने काढणे हा आळशीपणा आहे आणि तो तसाच दिसतो.

शेवटी ड्राय ब्रश. कुंचल्यातला जवळजवळ सर्व ओलावा कापडावर टिपून, टोकाने आकाराच्या दिशेने छोट्या रेषा द्याव्यात. तेरड्याच्या पानाचे करवती दाते, बोंडावरची लव आणि खोडावरची लालसर झाक इथे येते. खोड रसाळ आणि किंचित पारदर्शक असते, म्हणून त्याची सावलीची कड पूर्ण गडद न करता तिच्या आत एक फिकी पट्टी राखावी. तुकतुकीत पानांवर जुने चित्रकार कधी कधी बाभळीच्या डिंकाचे पातळ पाणी फिरवून चकाकी आणत; हा प्रयोग अंतिम चित्रावर करू नये, कारण दाट झालेला डिंक कालांतराने तडकतो.

सर्व पाने सारख्याच बारकाईने पूर्ण करणे आवश्यक नाही. एक पान वरच्या बाजूने, एक खालच्या बाजूने संपूर्ण करावे, उरलेली दोन थरांवर थांबवावीत. किडीने खाल्लेले भोक किंवा पिवळे पडलेले टोक असेल तर ते ठेवावे, मात्र सगळी पाने तशी निवडू नयेत.

सावधान: पांढऱ्या फुलांसाठी पांढरा रंग लावू नये. तुतारीसारखे फूल कागदाच्या पांढऱ्यातच राहते आणि त्याचा आकार अल्ट्रामरीन व किंचित लालसर मातकट रंगाच्या अतिशय फिक्या करड्याने घडतो. फूल उठून दिसत नाही म्हणून त्याभोवती गडद पार्श्वभूमी भरण्यापेक्षा त्याच्यामागे एक पान आणून ठेवावे. ही तजवीज टप्पा ७ मध्येच करायची असते.

टप्पा १०: अक्षरे, मापपट्टी आणि नोंद

मुख्य फांदीशेजारी पाच सेंटिमीटरची मापपट्टी द्यावी. ‘मूळ आकारात’ एवढे लिहून भागत नाही, कारण चित्र छापताना लहान-मोठे होते. सुट्या भागांना अ, आ, इ अशी अक्षरे देऊन प्रत्येकासमोर पट लिहावी. शास्त्रीय नाव जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय चित्रावर शाईने लिहू नये. तोवर पेन्सिलीने स्थानिक नाव, तालुका आणि तारीख पुरे. नावाच्या पडताळणीसाठी त्याच रोपाची दुसरी फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेवावी आणि पावसाळ्यात कागद रोज बदलावेत. तेरड्यासारख्या रसाळ रोपात बुरशी लवकर येते, तेव्हा तिथे हयगय नको.

टप्पा ११: जतन आणि प्रसिद्धी

पूर्ण झालेले चित्र दोन दिवस सपाट ठेवून वाळू द्यावे आणि मगच आम्लरहित कागदात गुंडाळून सपाट पेटीत ठेवावे. नळीत गुंडाळी करून ठेवलेल्या चित्राचा ड्राय ब्रशचा भाग घासला जातो. लॅमिनेशन कधीही करू नये. फ्रेम केल्यास काच चित्राला टेकू देऊ नये, मधे माउंटची, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी हवी, आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर ती टांगू नये. कसर लागू नये म्हणून पेटी दर दोन-तीन महिन्यांनी उघडून पाहावी. डांबराच्या गोळ्या ठेवल्यास त्या कागदाला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

स्कॅन ६०० डीपीआयवर करावा आणि शेजारी टप्पा ३ मधली रंगांची पट्टी ठेवावी, म्हणजे पडद्यावरचा रंग पुढे दुरुस्त करता येतो. चित्र ऑनलाइन टाकताना विपुल वनस्पतीचे गाव लिहिण्यास हरकत नाही. खर्चुडी किंवा आमरीच्या बाबतीत मात्र फक्त ‘नाशिक जिल्हा’ एवढेच लिहावे, आणि सोबत जागेवरची छायाचित्रे द्यायची असतील तर मोबाइलने त्यांत नोंदवलेले जीपीएस स्थान आधी काढून टाकावे.